टेक्सासात दहा एकर घेतलेत? मग कुंपण, गुरं आणि शेजारी यांचं आधी बघा

डॅलस, ऑस्टिन, ह्यूस्टनच्या आजूबाजूला राहणारे आपले बरेच मराठी लोक आता शहरापासून तास-दीड तासावर पाच, दहा, वीस एकर जमीन घ्यायला लागलेत. कोणाला रिटायर झाल्यावर तिथे राहायचंय, कोणाला अंजीर-डाळिंब लावायचंय, कोणी नुसती गुंतवणूक म्हणून घेतं. आणि मग पहिल्याच उन्हाळ्यात प्रश्न सुरू होतात, शेजाऱ्याच्या गाई आत आल्यात, कुंपण कोणी दुरुस्त करायचं, अर्धे पैसे मागता येतात का, शेरीफला फोन केला तर शेजारी चिडेल का. आपल्या डोक्यात गावाकडचे नियम बसलेले असतात त्यामुळे गोंधळ अजून वाढतो, म्हणून टेक्सासपुरतं तरी सगळं एका जागी लिहून ठेवतोय. माझं मत आधीच सांगतो, इथला कायदा तुम्हाला फार थोडं देतो, बाकीचं सगळं शेजारी देतो, त्यामुळे तारेचं पहिलं बंडल विकत घ्यायच्या आधी शेजाऱ्याकडे जाऊन या.

आता गावाकडच्या नियमाचं बघू. आपल्याकडे ज्याचं जनावर त्याची जबाबदारी, दुसऱ्याच्या पिकात शिरलं तर ते धरून कोंडवाड्यात घालायचं आणि मालकाने दंड भरून सोडवायचं, १८७१ चा कॅटल ट्रेसपास कायदा त्यासाठीच आहे. टेक्सासचं मूळ तत्त्व याच्या बरोब्बर उलट, त्याला ओपन रेंज म्हणतात. गुरं मोकळी फिरणार हे गृहीत, ज्याला ती आपल्या जमिनीत नको असतील त्याने स्वतःच्या खर्चाने कुंपण घालून बाहेर ठेवायची. म्हणजे तुमची जमीन उघडी असेल आणि शेजाऱ्याची गाय येऊन तुमची डाळिंबाची रोपं खाऊन गेली, तर ओपन रेंजच्या भागात भरपाई मागायला तुमच्या हातात काही नसतं.

पण पूर्ण टेक्सास असं नाहीये, इथेच बहुतेक लोक चुकतात. राज्याने काउंटीला, काही वेळा काउंटीच्या एखाद्या भागाला, मतदान घेऊन स्वतःचा स्टॉक लॉ करायची मुभा दिलीय. तो झालेला असेल तर तिथे जनावर मोकळं सोडायला बंदी. बऱ्याच ठिकाणी ही मतदानं फार पूर्वी, शंभरेक वर्षांपूर्वी झालेली आहेत आणि ती कुठल्यातरी जुन्या रजिस्टरमध्ये आहेत, वेबसाइटवर सापडतीलच असं नाही. शिवाय गाईगुरांसाठी मतदान वेगळं आणि घोडे, गाढवं, शेळ्या, मेंढ्या, डुकरं यांच्यासाठी वेगळं, त्यामुळे एकाच काउंटीत शेळी बांधून ठेवायची पण गाय मोकळी चालते असंही होऊ शकतं. करायचं काय तर काउंटी क्लर्कच्या ऑफिसात जा, आपल्या जमिनीचा प्रीसिंक्ट, म्हणजे काउंटीतला विभाग, सांगा, आणि दोन्ही प्रकारच्या स्टॉक लॉची विचारणा करा. शेरीफच्या ऑफिसलाही विचारा, कारण रात्री दोन वाजता रस्त्यावर गाय आली की त्यांनाच जावं लागतं, त्यांना हे पाठ असतं. जमीन घेण्याआधी विचारलंत तर उत्तमच.

मग हायवेचा भाग. काउंटीत स्टॉक लॉ असो वा नसो, यूएस हायवे किंवा स्टेट हायवेच्या हद्दीत आपलं जनावर मोकळं फिरू द्यायचं नाही असा राज्याचाच कायदा आहे, अॅग्रिकल्चर कोडमध्ये, चॅप्टर १४३. त्यात शब्द असा आहे की मालकाने जाणूनबुजून फिरू दिलं तर. वादळात झाड पडून तार तुटली आणि तुम्हाला पत्ताच नाही, ही एक गोष्ट झाली. पण शेजाऱ्याने दोनदा फोन करून सांगितलंय की तुझी गाय सारखी बाहेर येते आणि तुम्ही वीकेंडला बघू म्हणून बसलात, तर मग मला माहीत नव्हतं असं म्हणायला जागा राहत नाही. गुन्हा क्लास सी, म्हणजे सगळ्यात किरकोळ दर्जाचा, ५०० डॉलरपर्यंत दंड. खरी भीती दंडाची नाहीच, काळी गाय अंधाऱ्या रस्त्यावर उभी आणि साठ-सत्तरच्या स्पीडने येणारी गाडी, माणसं मरतात यात. फार्म टू मार्केट रोड, ज्याला सगळे एफएम रोड म्हणतात, ते या हायवेच्या व्याख्येत धरत नाहीत, तिथे पुन्हा काउंटीचा स्टॉक लॉ आहे का हाच प्रश्न येतो. १९९९ मध्ये टेक्सास सुप्रीम कोर्टाने गिब्स विरुद्ध जॅक्सन या केसमध्ये हेच सांगितलं, एफएम रोडवर घोडा आला होता, स्टॉक लॉ नव्हता, कोर्ट म्हणालं जनावर रस्त्यापासून लांब ठेवायचं वेगळं असं कर्तव्य कॉमन लॉमध्ये, म्हणजे कोर्टाच्या जुन्या निकालांतून आलेल्या कायद्यात, नाही. पण हे वाचून निर्धास्त होऊ नका. एक सुद्धा जनावर ठेवणार असाल तर फार्म अँड रँच लायबिलिटी पॉलिसी घ्या, घराच्या नेहमीच्या पॉलिसीत गुरांमुळे झालेलं नुकसान धरलेलं असेलच असं नाही, एजंटला लेखी विचारा.

थोडा इतिहास, कारण तो जुन्या शेजाऱ्यांच्या अंगात मुरलेला असतो. इलिनॉयमधल्या जोसेफ ग्लिडनला काटेरी तारेचं पेटंट १८७४ मध्ये मिळालं, १८७६ मध्ये जॉन गेट्सने सॅन अँटोनियोच्या भर चौकात त्या तारेच्या आत गुरं कोंडून दाखवली, आणि त्यानंतर पुढच्या काही वर्षांत मोठ्या रँचवाल्यांनी मैलच्या मैल तार ओढली, त्यात सरकारी जमिनी, दुसऱ्याची पाण्याची ठिकाणं, येण्याजाण्याचे रस्ते सगळं अडकलं. १८८३ च्या दुष्काळात छोटे गुरंवाले रात्री टोळ्यांनी तारा कापायला लागले, माणसं मारली गेली. १८८४ मध्ये गव्हर्नर आयर्लंडने खास अधिवेशन बोलावलं आणि तार कापणं फेलनी, म्हणजे गंभीर गुन्हा, ठरवलं, पण त्याच वेळी तार ओढणाऱ्यांवरही बंधन घातलं की रस्ता अडत असेल तिथे दर ३ मैलांवर फाटक ठेवायचं. आजही गुरांचं कुंपण मुद्दाम तोडणं स्टेट जेल फेलनीमध्ये जातं, नुकसान थोडक्याचं असलं तरी. त्यामुळे शेजाऱ्याचं कुंपण हद्दीच्या आत आलंय अशी तुमची कितीही खात्री असली तरी पक्कड हातात घेऊ नका.

हद्दीवरून आठवलं. इथे बांध कोरत नाहीत पण कुंपण सरकतं. रँचच्या भागात पन्नास-साठ वर्षांपूर्वी कोणीतरी ओढा टाळायला, खडक टाळायला किंवा सीडरच्या झाडाला खिळा मारणं सोपं पडलं म्हणून तार वाकडी नेलेली असते आणि नवीन माणूस तीच हद्द समजतो. जमीन घेताना लायसन्स असलेल्या सर्व्हेयरकडून मोजणी करून घ्या आणि कोपऱ्यांवर लोखंडी खुणा ठोकून घ्या, हा खर्च वाचवू नका. टेक्सासात दुसऱ्याची जमीन उघडपणे, आपलीच म्हणून, सलग १० वर्षं वापरली तर त्यावर हक्क सांगता येतो. मात्र आधीपासून तिथे असलेलं जुनं कुंपण नुसतं दुरुस्त करत राहिलं आणि आत गुरं चारली एवढ्यावर सहसा हक्क लागत नाही, कोर्ट त्याला कॅज्युअल फेन्स म्हणतं. मोजणीत कुंपण आणि हद्द वेगळी निघाली तर भांडण्याऐवजी एका पानाचा करार करा, की हे कुंपण दोघांच्या सोयीसाठी इथे आहे, हद्द मोजणीप्रमाणेच राहील, दोघांच्या सह्या, आणि तो काउंटी क्लर्ककडे नोंदवून टाका. यात कोणाचंच काही जात नाही आणि पुढे मुलांच्या डोक्याला ताप राहत नाही. मुद्दाम पाच फूट आत कुंपण घालायचा सल्लाही बरेच जण देतात, म्हणजे सगळं आपल्या ताब्यात राहतं, पण मग ती बाहेरची पट्टी शेजारी वापरायला लागतो आणि वीस वर्षांनी तीच वादाची होते. मी तरी शेजाऱ्याशी बोलून हद्दीवरच घाला म्हणेन.

पैशाचं आता स्पष्ट सांगतो. टेक्सासात शेजाऱ्याला कुंपणाचे अर्धे पैसे द्यायला भाग पाडेल असा कायदा नाही. त्याने आधी कबूल केलं असेल तरच. तुम्ही घातलं, त्याच्या गुरांनाही फायदा झाला, तरी तो नाही म्हणू शकतो. बाकी राज्यांत वेगळं आहे, कॅन्ससमध्ये आणि आयोवात हद्दीवरच्या कुंपणाची जबाबदारी दोघांची, आणि वाद झाला तर फेन्स व्ह्यूअर नावाचे लोक येऊन बघतात आणि कोणी किती करायचं ते ठरवून देतात. आयोवात टाउनशिपचे ट्रस्टी हे काम करतात, कॅन्ससमध्ये काउंटी कमिशनर. त्या बाजूला एक छान पद्धत आहे ती टेक्सासातही आपापसात वापरता येते. दोघांनी हद्दीच्या मधोमध एकमेकांकडे तोंड करून उभं राहायचं, आणि ज्याच्या उजव्या हाताला कुंपणाचा जो अर्धा भाग येतो तो त्याने सांभाळायचा. कोणता भाग कोणाचा हा प्रश्न कायमचा मिटतो. कोलोराडो आणि मोंटाना ही राज्यंसुद्धा मुळात ओपन रेंजवाली, तिकडे जमीन घेत असाल तर हे सगळं तिथल्या कायद्याप्रमाणे परत तपासा, टेक्सासचं तिथे लावू नका.

शेजाऱ्याला भेटायला जाताना आधी फोन किंवा मेसेज करून जा, लोकांच्या दारात कुत्री असतात आणि न विचारता गेट उघडून आत गाडी नेणं इथे अजिबात चालत नाही. शनिवारी सकाळी उशिरा किंवा रविवारी चर्चनंतर दुपारी बरं पडतं. वयस्कर माणूस असेल तर यस सर, यस मॅम म्हणा, मिस्टर लावून नाव घ्या, इथे ते मनापासून पाळतात. मुद्द्यावर एकदम येऊ नका, पाऊस, गवत, गुरांचे भाव यावर पंधरा मिनिटं जाऊ द्या, आपल्याकडे पारावर बसल्यावर जसं चालतं तसंच. मग विचारायच्या गोष्टी म्हणजे, तुमची गुरं कोणत्या बाजूला असतात, वळू कधी सोडता, कुंपण आधी कोणी घातलं, ओढ्यावर पुरात काय होतं, मी नवीन घालायचं म्हणतोय तर कुठून घालू. हा शेवटचा प्रश्न त्यांना फार आवडतो, आणि उत्तरही खरंच उपयोगाचं मिळतं, कारण त्या जमिनीत खांब कुठे टिकतो आणि पाणी कुठून वाहतं हे तीस-चाळीस वर्षं बघितलेलं असतं. निघताना दोन नंबर घ्या, त्याचा आणि त्याच्या घरात जो कोणी दिवसा असतो त्याचा, आणि आपला द्या. शेजारी पैसे द्यायला तयार नसला तरी बऱ्याचदा ट्रॅक्टर, खड्डे पाडायचं ऑगर, किंवा दोन दिवसांची मेहनत द्यायला तयार असतो, त्याला कमी लेखू नका, पैशापेक्षा ते जास्त मोलाचं असतं.

कॅलिफोर्नियात शास्ता काउंटी म्हणून रँचचा भाग आहे, तिथे १९८० च्या दशकात कायद्याच्या एका प्राध्यापकाने गुरांचे आणि कुंपणांचे वाद कसे मिटतात याचा अभ्यास केला होता. त्यांना दिसलं की लोक कोर्टात जवळजवळ जातच नाहीत, कायदा नेमका काय आहे हे बहुतेकांना धड माहीतही नसतं, पण कोणी कोणासाठी काय केलंय याचा हिशोब दोन्हीकडे मनात असतो आणि त्यावर सगळं चालतं. टेक्सासातही मला तेच दिसतं. आपली एक सवय इथे आड येते, कोणी मदत केली की लगेच पैसे देऊन टाकायचे. इथे गाय परत हाकलून दिल्याबद्दल पैसे पुढे केले तर समोरच्याला अवघडल्यासारखं होतं, त्यापेक्षा पुढच्या महिन्यात त्याचं गवत भरायला दोन तास जा, किंवा घरातलं काही करून न्या, लाडू-चिवडा आवडीने खातात.

आता कुंपण. दहा एकराचा चौकोनी तुकडा धरा, एक बाजू ६६० फूट, म्हणजे चारी बाजू मिळून २,६४० फूट, अर्धा मैल. काटेरी तारेचं एक बंडल १,३२० फुटांचं येतं, पाच पदरी कुंपण करायचं तर १० बंडलं लागतात. दर १२ फुटांवर एक टी-पोस्ट, म्हणजे टी आकाराचा लोखंडी खांब, धरला तर साधारण २२० खांब, शिवाय कोपऱ्याचे आणि फाटकाचे जाड लाकडी किंवा पाइपचे खांब वेगळे. कायद्याला पुरेसं म्हणजे किती, तर चॅप्टर १४३ मध्ये किमान ४ फूट उंच, काटेरी असेल तर तीन तारा, खांब ३० फुटांपेक्षा लांब नाहीत आणि दोन खांबांच्या मध्ये निदान एक आधार काडी. पण हे किमान आहे हां, त्यावर गुरं थांबवायच्या भरवशावर राहू नका, बहुतेक लोक पाच तारा घालतात.

कोपरे हा कुंपणाचा जीव आहे. दोन जाड खांब, मध्ये आडवा दांडा आणि तिरकी ताणलेली तार, याला एच-ब्रेस म्हणतात, तो कच्चा राहिला की बाकी अर्धा मैल सैल पडलाच म्हणून समजा. माती बघून काम करा. डॅलस ते सॅन अँटोनियो पट्ट्यात काळी चिकण माती आहे, ह्यूस्टन ब्लॅक म्हणतात, आणि ती आपल्या दख्खनच्या काळ्या मातीच्याच जातीची आहे, पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्यामुळे उथळ खांब दोन वर्षांत डुलायला लागतो. तिथे कोपऱ्याचे खांब साडेतीन-चार फूट खोल न्या. ऑस्टिनच्या पश्चिमेला हिल कंट्रीत उलट, वीतभर मातीखाली चुनखडीचा दगड, तिथे पहारीने काही होत नाही, दगड फोडायचं मशीन असलेला माणूसच बोलवावा लागतो, आणि कॉन्ट्रॅक्टरच्या कोटेशनमध्ये दगडाचा रेट वेगळा लिहिलाय का ते आधी विचारा. तार खांबाच्या ज्या बाजूला गुरं असतील त्या बाजूला बांधायची, म्हणजे गाय टेकली तर तार खांबावर दाबली जाते, बाहेरच्या बाजूला बांधली तर क्लिपाच निघतात.

जनावराप्रमाणे तार बदलते. घोड्यांना काटेरी तार नको, घाबरून धावले तर पाय चिरून घेतात, त्यांना बारीक जाळी. शेळ्यांना जाळीशिवाय पर्याय नाही आणि जाळीची खिडकी ६ इंचांची असली तर शिंगाळ शेळीचं डोकं आत जातं आणि बाहेर येत नाही, उन्हात अडकून मरते बिचारी, म्हणून एकतर ४ इंची खिडकी घ्या किंवा १२ इंच रुंद. करंटची तार लावणार असाल तर अर्थिंगवर कंजूषी करू नका, टेक्सासच्या उन्हाळ्यात माती कोरडी ठक्क होते आणि झटका लागेनासा होतो, निदान तीन रॉड, दहा-दहा फुटांवर, खोल. काटेरी तारेत करंट कधीच सोडायचा नाही, जनावर किंवा मूल अडकलं तर सुटत नाही.

ओढा असेल तर ओढ्यावरचा तुकडा वेगळा करा, त्याला वॉटर गॅप म्हणतात. मुख्य कुंपण दोन्ही काठांवर पक्क्या खांबांवर संपवायचं आणि मधला भाग लटकता ठेवायचा, लोंढा आला की तेवढाच सुटून जावा, नाहीतर पालापाचोळा अडकून दोन्हीकडची शंभर फूट तार ओढत नेतो. प्रत्येक मोठ्या पावसानंतर पहिली चक्कर तिथेच. हद्दीवरच्या वॉटर गॅपचं पूर आल्यावर कोणी बघायचं हे शेजाऱ्याशी आधीच ठरवून ठेवा, सगळ्यात जास्त रुसवेफुगवे याच्यावरूनच होतात.

माणसांसाठी सूचना लावायची तर पाट्यांऐवजी जांभळा रंग चालतो, टेक्सासात झाडांवर किंवा खांबांवर जांभळ्या उभ्या पट्ट्या म्हणजे आत येऊ नये. पट्टी किमान ८ इंच लांब आणि १ इंच रुंद, खालचं टोक जमिनीपासून ३ ते ५ फुटांच्या मध्ये, झाडीत दर १०० फुटांना आणि मोकळ्या जागेत दर १,००० फुटांना. दुसऱ्याच्या जमिनीवर अशा पट्ट्या दिसल्या तर तुम्हीही थांबा, आपली गाय तिकडे गेली असली तरी. आपलं जनावर आणायला किंवा कुंपणाची पलीकडची बाजू दुरुस्त करायला शेजाऱ्याच्या जमिनीत जायचा हक्क आपोआप मिळत नाही, परवानगी लागते. पहिल्या भेटीतच हे दोन्ही बाजूंनी कबूल करून घ्या आणि मेसेजमध्ये लिहून ठेवा. फाटकाचा नियम सगळीकडे एकच, उघडं सापडलं तर उघडं, बंद सापडलं तर बंद. सामायिक रस्त्यावर एका साखळीत चार-पाच कुलपं एकमेकांत अडकवलेली दिसतात, प्रत्येकाचं वेगळं, आपलं कुलूप लावताना दुसऱ्याचं साखळीतून बाहेर पडत नाही ना ते दोनदा बघा, नाहीतर त्याला घरी जाता येणार नाही.

शेजाऱ्याच्या गाई तुमच्याकडे आल्या तर. कुत्रा बांधा, मुलं आत घ्या, पाठीमागे आरडाओरडा करत धावू नका, गाय घाबरली की अजून दोन कुंपणं तोडते. शेजाऱ्याला फोन करा, फोटो पाठवा. बहुतेक वेळा तो ट्रक घेऊन येतो, हॉर्न वाजवतो किंवा खाद्याची बादली खडखडवतो आणि सगळ्या गाई त्याच्या मागे चालायला लागतात, पाच मिनिटांचं काम असतं. कोणाच्या आहेत कळत नसेल तर कानातला बिल्ला आणि डागणी बघून ठेवा, डागण्या काउंटी क्लर्ककडे नोंदवलेल्या असतात. मालक सापडतच नसेल तर अशा जनावराला कायद्यात एस्ट्रे म्हणतात आणि त्याची खबर शेरीफला लवकरात लवकर द्यावीच लागते. शेरीफ मालक शोधतो, सापडला तर मालकाने सांभाळायचा खर्च द्यायचा असतो, नाहीच सापडला तर लिलाव होतो. स्वतःच ट्रेलरमध्ये घालून कुठे नेऊ नका, गुरांची चोरी इथे फेलनी आहे. आणि शेरीफला फोन करणं म्हणजे तक्रार असं इथे कोणी मानत नाही, पण ओळखीच्या शेजाऱ्याची गाय असताना त्याला न सांगता आधी शेरीफला फोन केलात तर मात्र तो ते लक्षात ठेवेल.

तुमची जनावरं बाहेर गेली तर लगेच सांगा, लपवू नका, काय खाल्लं काय तुडवलं ते स्वतः जाऊन बघा. फाटकावर आपला फोन नंबर मोठ्या अक्षरात लावा. शेरीफच्या डिस्पॅचला कळवून ठेवा की या पत्त्यावर माझी जनावरं असतात, रात्री काही झालं तर या नंबरवर करा.

दोन गोष्टी शहरातून आलेल्यांना कोणी सांगत नाही म्हणून जरा जोर देऊन सांगतो. एक, कुत्रा. घरात मुलांबरोबर लोळणारा जर्मन शेफर्ड किंवा हस्की मोकळं रान मिळालं की शेळ्यांच्या, वासरांच्या मागे लागतो, आणि टेक्सासच्या कायद्याप्रमाणे गुरांवर हल्ला करणाऱ्या किंवा करायच्या बेतात असलेल्या कुत्र्याला तिथे बघणारा माणूस गोळी घालू शकतो. घालतातही. त्याच्यावर राग धरून उपयोग नाही, त्याची वर्षाची कमाई त्या वासरांत असते. कुत्र्यासाठी घराभोवती वेगळी जाळी करा, रँचच्या तारेवर कुत्रा थांबत नाही. दोन, कण्हेर. टेक्सासात घराभोवती कण्हेर खूप लावतात, आणि छाटलेल्या फांद्या तारेपलीकडे गाईंना टाकायचा मोह होतो, बागेतला पाला म्हणून. कण्हेरीची थोडी पानंसुद्धा गाय मारायला पुरतात. कुंपणाजवळ कण्हेर लावूच नका आणि बागेतलं काहीही, पोळी-भात सुद्धा, शेजाऱ्याच्या जनावरांना विचारल्याशिवाय घालू नका. जॉन्सन ग्रास हे ज्वारीच्या कुळातलं गवत, कोवळी ज्वारी गुरांना बाधते हे गावाकडे ज्यांनी बघितलंय त्यांना कळेल, दुष्काळात किंवा थंडीचा तडाखा बसल्यावर तेही तसंच विषारी होतं, आपल्या बाजूला ते माजलं असेल तर शेजाऱ्याला सांगून ठेवा.

वळूचा विषय आपल्या लोकांना बोलायला संकोच वाटतो पण बोलावा लागतो. तुमच्याकडे कालवडी असतील आणि पलीकडे मोठ्या जातीचा वळू असेल तर साधी तार त्याला थांबवत नाही, आणि लहान कालवड मोठ्या वासरासाठी गाभण राहिली की विताना अडते, कधी दोन्ही जातात. वळू कोणत्या महिन्यांत सोडतात ते विचारून त्या काळात आपल्या कालवडी लांबच्या बाजूला ठेवा.

आग. फेब्रुवारी २०२४ मध्ये पॅनहँडलमध्ये, म्हणजे टेक्सासच्या उत्तर टोकाच्या भागात, स्मोकहाउस क्रीकचा वणवा लागला, १० लाख एकरांवर जमीन जळाली. अशा वेळी गुरं वाचवायला तार कापणं हा एकच मार्ग उरतो आणि मालक तेव्हा शंभर मैलांवर ऑफिसात असू शकतो. म्हणून आधीच एकमेकांना लेखी मुभा देऊन ठेवा, आग किंवा पूर आला तर माझी तार काप, फाटक उघड, मला नंतर सांग. कुलपाचा नंबरही देऊन ठेवा.

शेवटी ज्यासाठी बरेच लोक गुरं आणतात तो टॅक्सचा भाग. शेतीच्या वापराप्रमाणे टॅक्स लागावा यासाठी साधारणपणे मागच्या ७ पैकी ५ वर्षं जमीन शेतीसाठी वापरलेली असावी लागते, किती एकराला किती जनावरं ते काउंटीचं अप्रेझल डिस्ट्रिक्ट, म्हणजे टॅक्ससाठी जमिनीची किंमत ठरवणारं ऑफिस, ठरवतं, आणि वापर बदलला तर मागच्या ३ वर्षांचा फरक भरावा लागतो. म्हणून शेजारच्या रँचवाल्यालाच जमीन चरायला भाड्याने देतात. तोंडी देऊ नका. किती जनावरं, कुंपण कोण दुरुस्त करणार, सामान कोणाचं, दुष्काळात गुरं कधी काढायची, त्याच्या लायबिलिटी पॉलिसीत तुमचं नाव आहे का, हे सगळं कागदावर घ्या. आणि एक गोष्ट मनाशी आधी ठरवा. या गाई दुधाच्या नसतात, वासरं वाढली की सेल बार्नला, म्हणजे गुरांच्या लिलावाला, जातात आणि पुढे कत्तलखान्यात. ज्यांना हे आपल्या जमिनीवर नको वाटतं त्यांनी अर्ध्यात करार मोडून शेजाऱ्याला अडचणीत टाकण्यापेक्षा पहिल्याच दिवशी नाही म्हणावं, त्याला ते पटतं. टेक्सासात ५ ते २० एकरांवर मधमाश्या पाळूनही हीच टॅक्सची सवलत मिळते, गवत कापून विकण्यावरही मिळते. मधपेट्या ठेवणार असाल तर त्या शेजाऱ्याच्या गुरांच्या पाण्याच्या टाकीपासून लांब ठेवा आणि आपल्या बाजूला माश्यांसाठी वेगळं पाणी ठेवा, उन्हाळ्यात माश्या त्या टाकीवर घोळका करतात आणि गाई पाण्याला यायला घाबरतात.